काठावर जपानचा शिक्का

अण्णा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी घरी कोणी आलं की माझी बोटं आधी त्याच्या कपड्याकडे जातात. ही खोड तुमची. आष्टीच्या आपल्या घरी पाहुणा आला की माग थांबवून तुम्ही त्याचा सदरा चिमटीत धरायचात, पाणी विचारायचात ते नंतर. आई चिडायची. बाहेरचं कापड देशात आणायला सरकारनं बंदी घातलेली, आणि ती खास आपल्या हातमागासाठीच घातलीय अशा थाटात तुम्ही गावभर बोलायचात. तरी चोरटा माल जालन्यात सर्रास मिळे. मोठे साहेब येणार म्हणून विणकर सोसायटीनं ते गाऱ्हाणं मांडायला तुम्हालाच निवडलं. आणि मी शहाणी, वाटूरच्या शाळेतल्या पहिल्या पगारातून तुमच्यासाठी शर्टाचं कापड आणलं ते नेमकं दुकानदारानं लपवून ठेवलेलं, काठावर जपानचा शिक्का असलेलं.

तुम्ही रागावला नाहीत. ओला अंगठा शिक्क्यावर घासलात, शाई अंगठ्याला आली, आणि तुम्ही गालातल्या गालात हसलात. आईनं नंतर मला हळूच सांगितलं की शिक्का खोटा आहे, कापड आपल्याच कुठल्या तरी गिरणीचं आहे, पण तुला कळलंय हे त्यांना दाखवू नको. शिंप्यानं तो शिक्का पाहून जपानी कापडाची बातमी गावभर केली होती, तरी साहेब आले त्या दिवशी तुम्ही हट्टानं तोच शर्ट घातलात.

मांडवात मी मुख्याध्यापकांशेजारी बसलेय. तुम्ही बोलायला उभे राहता आणि मागून कोणी तरी म्हणतं, "बंदीच्या गोष्टी करून राह्यले, अन् सोता जपानी घालून आले." साहेबही हसतात. शिक्का खोटा आहे, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. तुम्ही माझ्याकडे पाहता.

"लेकीनं पैल्या पगारातून आणलंय," तुम्ही म्हणता आणि खाली बसता.

गाऱ्हाणं राहूनच गेलं. सोसायटीनं पुन्हा तुम्हाला कधी बोलायला उभं केलं नाही. घरी येताना तुम्ही मलाच समजावत होतात, "कापड बराबर हाय, उन्हात बिलकुल गरम व्हत न्हाई." तुमची पाठ घामानं चिंब झाली होती. किती जीव होता तुमचा माझ्यावर.

मी उठून खरं सांगू शकले असते. मुख्याध्यापकांसमोर मूर्ख ठरेन म्हणून पदराशी चाळा करत बसून राहिले. हे पत्र पेटीत पडणार नाही, म्हणून लिहिते: मुलांना हा किस्सा सांगताना मी अजूनही म्हणते की त्या दिवशी मी शाळेत होते.