आज कोण कोण गेलं?

४ नोव्हेंबर

वर्गात फजिती! बाई म्हणाल्या, घरातल्या एका माणसाबद्दल स्पॅनिशमध्ये चार वाक्यं बोला. मी उभी राहिले आणि धडाधड बोलले — "माझा लाडका भाऊ योनास, वय चोवीस. मनमिळाऊ, कष्टाळू, सर्वांना हवाहवासा. त्याच्या मागे आई, वडील आणि एक बहीण असा परिवार आहे."

बाई जवळ आल्या, खांद्यावर हात ठेवला. "कधी गेला गं?"

गेला नाही हो! तिकडे लिथुआनियात, कौनसमध्ये बस चालवतो तो!

यात माझा काय दोष? इथे स्पेनमध्ये मला स्पॅनिश शिकवतंय कोण — मी जिच्या घरी राहते ती एतेल्विनामावशी. आणि तिचं क्रमिक पुस्तक म्हणजे पेपरातलं निधनाचं पान.

६ नोव्हेंबर

सकाळी आठला मावशी बाल्कनीतून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडते. खालच्या बारचा फालो तिच्यात पेपर आणि पाव ठेवतो. टोपली वर येते, दूध-कॉफी होते, मावशी शाल नीट करून बसते आणि म्हणते, "हं. आज कोण कोण गेलं?"

मी वाचते. ती ऐकते. म्हणजे ऐकत कुठली, मध्येमध्ये बोलतेच!

"हा गेला? चला. उतारावर सायकल सोडून द्यायचा मेला, तरी एक्क्याण्णव वर्षं जगला."

"ही? ही मागेच गेली नव्हती का? मी तर तिच्यासाठी मेणबत्तीही लावून आले होते!"

पान संपलं की ती साखरेच्या भांड्याकडे बघत विचारते, "ऑलिव्हा?"

"नाही."

"बरं. साखर दे इकडे."

ऑलिव्हा म्हणजे मावशीची सख्खी बहीण. दोन वर्षांनी मोठी, ब्याऐंशीची. समोरच्या डोंगरावरच्या गावात राहते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिचं धुराडं दिसतं, बसने गेलं तर वीस मिनिटं. एकोणीस वर्षांत दोघी एक शब्द बोललेल्या नाहीत. मावशीचा नवरा बेलार्मिनो गेला तेव्हा अख्खं खोरं लोटलं होतं. त्याच्याबरोबर खाणीत असलेल्या माणसांनी शवपेटी खांद्यावरून नेली. ऑलिव्हा तेवढी आली नाही. त्याच संध्याकाळी मावशी फालोच्या बारमध्ये उभी राहिली आणि भरल्या बारसमोर म्हणाली, "आता ऑलिव्हाचं तोंड बघेन ते तिच्या मयतालाच!"

इथे बारमध्ये बोललेला शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तेव्हापासून मावशी रोज पेपर बघते आहे.

९ नोव्हेंबर

आज तीन विधवा, एक संगीतशिक्षक. ऑलिव्हा नाही. मावशीने कॉफीबरोबर दोन पाव जास्त खाल्ले.

१७ नोव्हेंबर

मावशीबरोबर मयताला गेले. माझं चौथं! मावशी म्हणते, "तू दिसतेस छान गंभीर. लोकांना बरं वाटतं." चर्चमध्ये बायका आत, पुरुष बाहेर पडवीत, सिगरेटी ओढत आणि फुटबॉलवर बोलत. नंतर रांग लावून घरच्यांचा हात हातात घ्यायचा आणि म्हणायचं, "तुमच्या दुःखात मी सहभागी आहे." हे वाक्य मला इतकं झकास येतं, की मयताच्या सुनेने विचारलं, "तू आमच्याकडच्या कुणाची गं?"

बेकरीत मात्र अजून बोबडी वळते. पंधरा मिनिटं उभी होते, कुणी विचारेना. मग कळलं, आत शिरल्या शिरल्या मोठ्याने विचारायचं — "शेवटचं कोण?" विचारलं नाही तर तुम्ही रांगेतच नाही. मग काय, विचारलं! पाच बायका वळल्या. एकीने हात वर केला. मला इतका आनंद झाला की पावाऐवजी केक घेऊन आले.

३ डिसेंबर

मावशीकडून बोलणी खाल्ली.

इथे नावं सगळ्यांची तीच. मानुएल फेर्नांदेस तर पसाभर मिळतील. म्हणून निधनवार्तेत नावाखाली बारीक अक्षरात घराची खूण छापतात — गिरणीवाल्यांचा, वरच्या झऱ्यावरची, असं काहीबाही. मी ती ओळ गाळते. अक्षर मुंगीएवढं, आणि शब्द असे की जिभेला गाठ बसते.

"खालची ओळ वाच!" मावशी कडाडली. "त्याशिवाय कळणार कसं, कोणता मानुएल? जिवंत माणसाला मारशील एक दिवस!"

१४ डिसेंबर

पाव पोचवणारी व्हॅनवाली सांगत होती, ऑलिव्हा अंगणात पडली. दोन दिवस दवाखान्यात होती. हृदय दमलंय म्हणे. वरच्या गावात सगळे आता जपून बोलतात तिच्याशी.

मावशी भांडी घासत होती. मागे वळली नाही. "आम्हाला काय त्याचं," म्हणाली. तेच एक पातेलं चारदा घासलं.

मी विचारलं, "जाऊन या ना, मावशी. मी येते बरोबर."

"शपथ आहे."

"मोडा की."

"तू कुठली गं? लिथुआनियाची. तिकडे मोडत असतील."

फालोला विचारलं तर तो म्हणाला, "अगं, चाळीस माणसांसमोर बोलली आहे ती. त्यातले अकरा अजून जिवंत आहेत आणि रोज इथे बसतात. उद्या ती वरच्या बसमध्ये चढली ना, तर हे तिला मरेपर्यंत सोडायचे नाहीत."

३० डिसेंबर

एक नवीन गोष्ट लक्षात आली. मावशी सकाळी टोपली सोडण्याआधी खिडकीशी उभी राहते. डोंगरावर धूर दिसला की मगच दोरीला हात लावते. आज धुकं होतं. साडेनऊपर्यंत कॉफी नाही की पेपर नाही. मलाही धूर बघायची सवय लागली आहे.

आईचा फोन — नाताळ कसा झाला? मी सांगितलं, दोन मयतं, खूप छान जेवण.

११ जानेवारी

हे कसं लिहू?

सकाळी वाचत होते. दुसरा रकाना. "ऑलिव्हा फेर्नांदेस सुआरेस —"

बस. पुढचं तोंडातून आलंच नाही. मावशी उठली. पेपर माझ्या हातून काढून घेतला, चार घड्या घालून एप्रनच्या खिशात टाकला. "काळा कोट काढ," म्हणाली. "फालोला सांग गाडी काढायला." डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. केस विंचरले, कानात मोत्याचे डूल घातले. मीच रडत होते.

वरच्या तीन गावांना मिळून एक चर्च. शवपेटी बंद, वेदीसमोर. मावशी सरळ पुढे गेली, पेटीवर हात ठेवला आणि अख्ख्या चर्चला ऐकू जाईल असं बोलायला लागली —

"ऑलिव्हा, बये! एकोणीस वर्षं वाया घालवलीस गं! तुला माझ्याकडे यायला बस होती, मला तुझ्याकडे यायला बस होती! तुझा हट्ट मोठा की माझा, हे बघायला आता उरलंय कोण? रोज तुझा धूर बघते मी, मूर्ख बाई! तुझ्या हातच्या तांदळाच्या खिरीसारखी खीर या खोऱ्यात कुणाला जमत नाही, आणि हे मी तुला कधी सांगितलं नाही!"

तिसऱ्या बाकावरून काठी आपटल्याचा आवाज आला.

"वाया *मी* घालवली?"

एक म्हातारी उठून उभी होती. नाक डिट्टो मावशीचं.

पाद्री पुस्तक धरून तसाच थिजला. पेटीशेजारी उभा असलेला मयताचा मुलगा एकदा मावशीकडे बघे, एकदा तिच्याकडे. पेटीत होती ती पलीकडच्या गावची ऑलिव्हा फेर्नांदेस सुआरेस. *कुंपणवाल्यांची.* खालच्या ओळीतली. मी न वाचलेल्या ओळीतली!

"मी मेले म्हणून आलीस होय?" ऑलिव्हा म्हणाली.

"मग! शपथ होती माझी!"

"बेलार्मिनोच्या वेळी मी आले होते, एतेल्विना. बाहेर, पुरुषांच्या मागे उभी होते. आठ दिवसांपूर्वीच त्याला नाही नाही ते बोलले होते मी. कोणत्या तोंडाने तुझा हात धरणार होते?"

मावशीचा हात पेटीवरच. मग तिने तो उचलला, मयताच्या मुलाला म्हणाली, "तुझ्या दुःखात सहभागी आहे हो, बाळ. तुझी आई भली होती," आणि तिसऱ्या बाकाशी गेली. ऑलिव्हाने बाकावरची पिशवी मांडीवर घेतली. मावशी बसली. प्रार्थना सुरू झाली. दोघींचेही खांदे हलत होते. हसत होत्या की रडत होत्या, मागून कळेना.

बाहेर पडवीत मावशीने सगळ्यांसमोर माझा कान धरला. "हे हिचं वाचन! चार महिने शिकवतेय!"

मला भूमी पोटात घेईल तर बरं असं झालं. एका अनोळखी बाईच्या मयताची माझ्यामुळे शोभा झाली. तिच्या मुलाची माफी मागायला गेले तर तो म्हणाला, "आई असती तर सगळ्यात जास्त तीच हसली असती." म्हणून मी आणखी रडले.

१२ जानेवारी

बारमध्ये खटला भरला. शपथ मोडली की पाळली? अकरा साक्षीदार. दीड तास वाद. निकाल — ती ऑलिव्हा फेर्नांदेस सुआरेसच्या मयताला गेली, तिथे तिने ऑलिव्हा फेर्नांदेस सुआरेसचं तोंड बघितलं. शपथ चोख पाळली गेली. दोष सर्वस्वी परदेशी मुलीचा. सगळ्यांनी माझ्या नावाने सायडर, म्हणजे इथली सफरचंदाची दारू, प्यायली.

२६ जानेवारी

ऑलिव्हा दर गुरुवारी बसने येते. खिरीचं भांडं मांडीवर. आल्या आल्या मावशीच्या पडद्यांना नावं ठेवते. मग दोघी भांडतात — बापाने बकरी कोणत्या साली विकली, कुणाला गोवर आधी निघाला. मी मध्ये बसून खाते आणि ऐकते. दोन आठवड्यांत मला शिव्या आल्या, लाड आले, आणि कुणाचं बोलणं अर्ध्यावर कसं तोडायचं तेही आलं. वर्गात बाई म्हणाल्या, "रूता, अलीकडे तुझ्या वाक्यांतली माणसं जिवंत असतात!"

२ मार्च

फालोशी बोलत होते. म्हटलं, एवढं गोड झालं सगळं, पण माझी चूक अजून सलते. फालो ग्लास पुसायचा थांबला. दाराकडे बघून घेतलं.

"त्या दिवशी टोपलीआधी एतेल्विना स्वतःच खाली आली होती. सात वाजता. पेपर उघडला, खालची ओळ बोट ठेवून वाचली. मला म्हणाली, 'ही कुंपणवाल्यांची. आमची ऑलिव्हा जाईल ना रे हिच्या मयताला?' मी म्हटलं, जाणारच. तर पेपर घडी करून परत माझ्या हातात दिला. 'नेहमीच्या वेळेला वर पाठव. आणि पोरीला बोलू नकोस काही. तिचं स्पॅनिश अजून कच्चं आहे, तोवर उरकून घेऊ दे मला.'"