पायातलं लोखंड

अण्णा, पत्राला फार उशीर झाला, रागावू नका. चौथीपर्यंतच शिकलो. लिहायला बसलो की आधी भीतीच वाटते.

तुमच्या दहाव्याला नदीवर कावळा पिंडाला शिवेना. चुलते म्हणाले, "नातीत जीव गुंतलाय त्यांचा. बोल कायतरी." पोलिओ झालेल्या, पायाला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर बांधणाऱ्या माझ्या लेकीला तुम्ही खांद्यावर बसवून शाळेत न्यायचात. मी हात जोडून बोललो, "तिच्या पायातलं लोखंड मी काढीन." कावळा आला. तेव्हापासून मला नीट झोप नाही.

लेक आता मोठी झाली. मी नेरे गावाजवळच्या एका लहान कारखान्यात झाडलोट करतो. तिथे कार्बनच्या काळ्या धाग्यांचे टाकाऊ तुकडे येतात. त्यांतला चिकटा भट्टीत जाळतात, उरलेले धागे बारीक तोडून प्लॅस्टिकच्या दाण्यांत मिसळतात आणि वितळवून साच्यात दाबतात. वस्तू हलकी होते, तरी वाकत नाही. ते पहिल्यांदा पाहिलं आणि तुम्ही कोळवणच्या घरात धान्याची कणगी मातीनं लिंपताना दिसलात. मी मातीत घालायचा पेंढा न तोडता तसाच ठेवलाय आणि तुम्ही ओरडताय, "बारीक तोड रं. नुसती माती तडकती, पेंढा तिला धरून ठिवतो."

मालकांना लेकीचं सांगितलं. त्यांनी तिच्या मापाचा कॅलिपर करून दिला. तो बांधून ती अंगणात फिरली. "आबा, पायात काय हाय का न्हाई त्येच कळंना," म्हणाली आणि हसली. थोड्याच दिवसांत ओट्यावरून उतरताना तो टाचेपाशी मोडला, ती पडली. मालक म्हणाले, दाण्यांनी पावसाळी हवेतली ओल धरली होती, ते पुरते वाळवले नव्हते. त्यांनी दाणे वाळवून दुसरा केला. लेक बघायलाही तयार नाही. "लोखंड जड हाय, पर मोडत न्हाई. कावळ्याला तुमी बोललात, मी न्हाई."

तिचं काय चुकलं? पण सकाळी तिच्या चालण्याचा खणखण आवाज आला की मी पांघरूण डोक्यावर ओढतो. यंदा पितृपक्षात छपरावर ठेवलेला तुमचा घास संध्याकाळपर्यंत तसाच राहिला.

हे पत्र कुठे टाकणार? उशीखालीच राहील. दुसरा कॅलिपर मालकांना परत दिला, असं मी तिला सांगितलंय. तो माझ्या अंथरुणाखाली आहे. पुन्हा तिच्यापुढे ठेवू का, की तुम्हीच मला त्या बोलातून मोकळं करता? स्वप्नात या, नाहीतर कावळा धाडा, पण लवकर कळवा.