पुढच्या वर्षीची पहिली निवड

मेलबर्न,
१० ऑक्टोबर २०१८

ती. क्लेममामास,
रोवेनाचा सा. न.

फोनच करणार होते, पण फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाचं जोडतोस. मागे मी घर बदलतेय म्हटलं, तर तू आईला कळवलंस की मी वर बदलतेय! तेव्हा पत्रच बरं.

उपांत्य सामना चार गुणांनी हरल्यापासून क्लबात कुणाला जेवण गोड लागत नाही. आमचा प्रशिक्षक ग्रेग टॉयन म्हणतो की संघात सगळं आहे, फक्त आपल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलला लागतो तसा, पुढे उभा राहून उंच चेंडू झेलणारा आणि गोल मारणारा एक गडी नाही. तो गडी आहे पर्थच्या डॉकसाइड क्लबाकडे. डॅरिक लोमॅक्स, वय एकोणतीस. त्याची बायको इथली, त्यामुळे त्यालाही यायचंय. डॉकसाइडवाले सोडतील, पण बदल्यात त्यांना पुढच्या वर्षी क्लब नवी पोरं वाटून घेतील त्या ड्राफ्टमधली आमची पहिली निवड हवी आहे.

तू बावीस वर्षं आमच्या मॅरिबर्न क्लबासाठीच गावोगावची पोरं हुडकलीस, म्हणून तुला विचारते. यंदा आम्ही पाचवे आलो. लोमॅक्स आला तर पुढच्या वर्षी पहिल्या चारांत नक्की. म्हणजे ती निवड पंधरावी-सोळावी, तिथे मिळून मिळून काय मिळणार? ग्रेग तर म्हणाला की बाई, अठरा वर्षांच्या पोराला मिसरूड फुटेपर्यंत माझी नोकरी राहणार आहे का?

खेळाडूंच्या देवघेवीवर सही माझी लागते. येत्या बुधवारी मुदत संपते. लोभ आहेच, सोबत सल्लाही पाठव.

तुझी,
रो

*

मिन्यिप,
१५ ऑक्टोबर २०१८

चि. रो हिस,
क्लेममामाचे अ. उ. आ.

तुझं पत्र आज मिळालं. आमचा पोस्टमन पत्र आधी स्वतः वाचून मग देतो की काय, असा मला दाट संशय आहे.

पोरी, पुढच्या वर्षीची निवड देणं म्हणजे पेरणीआधी गहू विकणं. मीही विकलाय, नाही असं नाही, पण सगळा कधीच नाही. पाऊस काही माझ्या सहीने पडत नाही. आपला ड्राफ्ट कसा चालतो ते तुला मी सांगायला नको. जो तळाला, त्याला पहिलं पोर. म्हणजे तुम्ही जिंकलात तर दिलं ते किरकोळ, आणि हरलात तर सोन्यासारखं पोर दिलंत. ज्या वर्षी तुम्हाला चांगल्या पोराची सगळ्यांत जास्त गरज, नेमकं त्याच वर्षी ते दुसऱ्याच्या दारात. आम्ही पाचवे आलो, आम्ही पाचवे आलो म्हणतेस. पाचव्याचा पंधरावा व्हायला दोन गुडघे पुरतात.

द्यायचंच असेल तर यंदाची निवड द्या. ती चौदावी आहे हे सगळ्यांना माहीत आहे, तिचं मोल ठरलेलं आहे. आणि ऐकणार नसतील तर तुझा विरोध दोन ओळींत लिहून अध्यक्षांच्या हातात ठेव. उद्या टॉयनची स्मरणशक्ती दगा देईल.

इथे ऊन कडक आहे, गहू बुटका राहिलाय. आईला सांग, तिने पाठवलेला मफलर मी वापरतो. खोटं आहे, पण सांग.

माया असू दे.
तुझा मामा

*

मेलबर्न,
२० ऑक्टोबर २०१८

ती. मामास,
सा. न.

तुझं पत्र गुरुवारी आलं. सही बुधवारी झाली.

डॉकसाइडवाल्यांनी यंदाच्या निवडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पुढच्या वर्षीचीच हवी म्हणून ते अडून बसले, तेव्हाच मला कळायला हवं होतं. विरोध लिहून ठेव म्हणालास, पण खरं सांगू? लोमॅक्स मलाही हवा होता. मग कागद कशाचा लिहायचा!

काल तो आला. सोबत बायको, तिचं नाव ऐन, आणि दोन जुळ्या मुली. मुलींनी आमच्या रंगाचे स्कार्फ घातले होते आणि आल्या आल्या अध्यक्षांच्या बुटांवर रस सांडला. सगळे हसले. फार दिवसांनी हसले. रागावू नकोस.

तुझी,
रो

*

मेलबर्न,
१६ एप्रिल २०१९

ती. मामास,
सा. न. पत्राला उशीर झाला. सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि आता आहे ते सांगवत नाही.

तिसऱ्या सामन्यात लोमॅक्सचा गुडघा गेला. कुणाचा धक्का नाही, काही नाही. चेंडू झेलून एकटाच खाली आला आणि पाय आत वळला. आवाज मला वरच्या रांगेत ऐकू आला, असं मी म्हणते. आई म्हणते की ते शक्य नाही. त्याला आता वर्ष लागेल. पुढच्याच आठवड्यात कप्तानाच्या मांडीचा स्नायू फाटला. चार सामने झाले, चारही हरलो.

इस्पितळात गेले होते. डॅरिक माझीच माफी मागत होता. बाहेर ऐनने मला विचारलं की अजून सतरा खोकी उघडायची आहेत, उघडू की तशीच ठेवू? मी उघड म्हटलं. लोक त्याला रस्त्यात काय काय बोलतात ते तुला लिहीत नाही. सौदा मी केला, आणि शिव्या खातोय तो.

काहीतरी चांगलं कळव.

रो

*

मिन्यिप,
३ जून २०१९

चि. रो हिस,
अ. उ. आ.

चांगलं म्हणशील तर पाऊस झाला. पेरणी उरकली.

दुसरी गोष्ट सांगू की नको असं दोन आठवडे चाललंय. पण उद्या कुणा परक्याकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. आमच्या गावात रीस कॉर्निश म्हणून पोरगा आहे. आई लीऐन शाळेची बस चालवते. शनिवारी त्याने चिखलात, उलट्या वाऱ्यात, डाव्या पायाने साठ पावलांवरून गोल मारला, आणि मग धावत जाऊन पडलेल्या विरोधी पोराला उठवलं. चाळीस वर्षं मी मैदानाच्या कडेला थर्मास घेऊन उभा आहे. असं पोर तीन-चारदाच पाहिलं.

शहरातले लोक त्याच्या पाठीबद्दल कुजबुजतात. पंधराव्या वर्षी पाठीच्या हाडाला चीर गेली होती, हे खरं. लीऐनला बस सोडून जाता येईना, म्हणून बॅलरॅटच्या डॉक्टरांकडे दर महिन्याला मीच त्याला नेत होतो. सहा महिन्यांत हाड जुळलं. आता पाठ तुझ्यामाझ्यापेक्षा मजबूत आहे.

यंदाच्या ड्राफ्टमध्ये तो पहिल्या दोघांत जाणार. तुम्ही सध्या कितवे आहात ते पेपरात वाचलं. जेवत जा.

तुझा मामा

*

मेलबर्न,
२७ ऑगस्ट २०१९

ती. मामास,
सा. न.

हंगाम संपला. अठरांत सतरावे. म्हणजे ड्राफ्टमधली दुसरी निवड आमची होती, आणि ती डॉकसाइडकडे गेली. पहिल्या नंबरवाल्यांना ॲडलेडचा एक पोर पक्का हवाय, तेव्हा रीस डॉकसाइडलाच जाणार. आमची पहिली संधी विसाव्या नंबरावर.

मामा, एक मागते. डॉकसाइडचा माणूस तुला विचारायला येईल, कारण रीसच्या पाठीबद्दल तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. तू खोटं बोलू नकोस. फक्त काही बोलू नकोस. कानाचं निमित्त कर, खांदे उडव. शंका राहिली तर ते दुसरं पोर घेतील, बाकीचेही बिचकतील, आणि रीस विसाव्यापर्यंत येईल. मुलाचं काय बिघडतं? तो मॅरिबर्नला येईल, घरापासून चार तासांवर. पर्थ तर देशाच्या दुसऱ्या टोकाला. लीऐनलाही बरंच.

एवढं केलंस तर मी वाचेन.

रो

*

मिन्यिप,
१ सप्टेंबर २०१९

चि. रो,

नाही.

इथेच सही करून पाकीट बंद केलं होतं. पुन्हा फोडलं, कारण नाही का म्हणतो ते तुला कळायला हवं. हे मी तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही.

१९९५ साली मी आपली सहावी निवड देऊन एक नावाजलेला तीस वर्षांचा गडी आणला. सगळे म्हणतात की ते त्या वेळच्या प्रशिक्षकाने करवलं. तसं मीच पसरवलं. कल्पना माझी होती. तो गडी अकरा सामने खेळला. सहावी दिल्यावर ड्राफ्टमध्ये आपला नंबर थेट चोविसावा, आणि मला हवा होता रेनबो गावचा केल्विन ड्रूरी. तो पहिल्या दहांतच जाणार होता. तेव्हा एका सामन्याला, खाण्याच्या टपरीपुढच्या रांगेत उभा असताना, मी दोन क्लबांच्या माणसांना हळूच म्हणालो की पोरगा झकास आहे हो, पण बाटलीचा नाद लागलाय. केल्विन लिंबूपाण्यापुढे गेला नव्हता.

बोललेले शब्द माझ्या आधी मेलबर्नला पोचले. दहांत कुणी घेतला नाही, विसांत नाही. चोविसावा नंबर आला, मी त्याचं नाव उच्चारलं, तर आपल्याच अध्यक्षांनी माझं मनगट धरलं. म्हणाले की क्लेम, वेडा झालास का, ते पोर दारुडं आहे. मी गप्प बसलो. कुणीच घेतला नाही. तो मेंढ्या कातरायला गेला.

आधीच हातचं देऊन बसलेल्या माणसाला दुसऱ्याचं पोर स्वस्तात हवंसं वाटतं, रो. धोका आहे तो हा. गुडघे काय, मोडतात आणि जुळतात.

डॉकसाइडचा माणूस आला तर मी सगळं खरं सांगेन. राग आला तर येऊ दे.

क्लेममामा

*

मेलबर्न,
३० ऑक्टोबर २०१९

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

दोन महिने उत्तर लिहायचं धाडस झालं नाही. मी मागितलं ते मागायला नको होतं.

सभासदांची सभा मागच्या मंगळवारी झाली. लोमॅक्स कुणाच्या डोक्यातून आला, असं एका आजोबांनी उभं राहून विचारलं. ग्रेग बुटांकडे पाहू लागला. मी माइक घेतला आणि सांगितलं की सही माझी आहे आणि मलाही तो हवा होता. डॅरिकला काही बोलू नका, तो त्याचं काम करतानाच पडला. थोडी बोंबाबोंब झाली. ड्राफ्टनंतर माझं काम संपेल, असं दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी सौम्यपणे कळवलं. आई तुझ्यावर चिडली आहे. का ते तिलाही सांगता येत नाही.

अजून एक. पोरांच्या चाचण्यांच्या वेळी डॉकसाइडचा माणूस भेटला. मीच त्याला गाठलं आणि म्हटलं की कॉर्निशची पाठ ठणठणीत आहे, बॅलरॅटच्या डॉक्टरांचे कागद लीऐनकडून मागून घ्या. तो डोळे बारीक करून म्हणाला की यात तुझं काय? माझं काही नाही म्हटलं, तर त्याला जास्तच संशय आला. तो तुला विचारायला येईल.

आणि मामा, केल्विन ड्रूरी हल्ली कुठे असतो?

तुझी,
रो

*

मिन्यिप,
५ डिसेंबर २०१९

चि. रो हिस,
मामाचे पोटभर आशीर्वाद.

तो माणूस आला होता. दोन तास बसला, स्कोन खाऊन गेला. ड्राफ्टच्या संध्याकाळी लीऐनच्या घरात अर्धं गाव होतं. दुसरं नाव रीसचं पुकारलं तेव्हा पोरगा उठलाच नाही, आईचा हात धरून तसाच बसला. मी टाळ्या वाजवल्या. पर्थ लांब आहे म्हणून लीऐन न्हाणीघरात जाऊन रडली, मग बाहेर येऊन सगळ्यांना सॉसेज वाढली. विसाव्या नंबरावर तू टास्मानियाचा तो काटकुळा पोर घेतलास. बरा दिसतो. पुढे त्याचं श्रेय दुसराच घेईल, याची तयारी ठेव.

तू विचारलंस त्याचं उत्तर. केल्विन इथून तासाभरावर असतो. चोवीस वर्षं मला ते माहीत होतं, आणि म्हणून मी त्या रस्त्याने जात नव्हतो. सोमवारी गेलो. ब्यूला गावाजवळच्या एका शेडमध्ये तो मेंढ्या कातरत होता. चहाची सुट्टी झाली तेव्हा समोर जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. तो कातरायच्या यंत्राची फणी पुसत ऐकत होता. मग म्हणाला की मला वाटलं, मी कमी पडलो. अडतिसाव्या वर्षापर्यंत गावच्या संघात खेळलो, कुणी चांगलं म्हटलं की वाटायचं, उगाच मन राखतायत. फणी खाली ठेवून म्हणाला की बापाच्या कानावरही ते आलं होतं. मरताना बाप म्हणाला की पोरा, पीत होतास तर मला तरी सांगायचं.

घंटा झाली आणि तो आत गेला. मी गाडीत बसून राहिलो. निघवेना.

काम सुटल्यावर तो आला आणि न विचारता शेजारी बसला. रेनबोला चल म्हणाला. दफनभूमीपाशी उतरलो. त्याने बापाचं थडगं दाखवलं आणि म्हणाला की मला सांगितलंस ते आता यांना सांग, मोठ्याने. टोपी काढून मी सगळं पुन्हा सांगितलं, त्या रांगेपासून चोविसाव्या नंबरापर्यंत. पोराने थेंबही घेतला नव्हता, मी खोटं बोललो, असं म्हणालो. मी बोलत होतो तेवढा वेळ केल्विन बापाच्या नावावरची धूळ तळहाताने पुसत होता.

त्याला परत शेडपाशी सोडलं तेव्हा त्याने हात पुढे केला नाही. मीही केला नाही.

तुझा,
क्लेममामा