चौकटीवरची ओली रेघ

कार्तिक शुद्ध दशमी, शके १८६७

आले एकदाची! येरमाळ्याहून बैलगाडीनं, परंड्याकडच्या या तळ्याकाठी. लेकीच्या घरी आईनं पाणी पिऊ नये म्हणतात. म्या पाणी न्हाय पीत, मासे खाते. जावई गोरोबा भोई, हाताला यश असलेला. अख्खी भोईआळी मात्र बुटकी. म्या मधून चालले की जोंधळ्यात एरंड. नात शेवंती तेवढी माझ्यावर गेली. लेक सिताबाई म्हणाली, आई, ती तुझ्याहून उंच झाली. म्या म्हटलं, गप गं, अजून बोटभर म्याच वर हाय.

कार्तिक शुद्ध द्वादशी

आज हंगामाचं पहिलं जाळं. इथली रीत अशी, की सगळ्यात मोठी मरळ दाराच्या चौकटीला उभी धरायची आन् तिच्या डोक्याशी हळदीचं बोट ओढायचं. गोरोबाच्या आज्याच्या काळचं बोट माझ्या कमरेला. मग मांडीला, गुडघ्याला. आजचं पोटरीला. गोरोबा म्हणे, आमी बारकी सोडतो, पुण्य लागतं. म्या म्हटलं, जावईबापू, टपोरं कणीस बियाण्याला ठेवतात. तुमी टपोरं तेवढं खाल्लं आन् पोचट पेरलं. तळं तरी काय करंल? तो हसला न्हाय.

कार्तिक वद्य द्वितीया

चौकटीच्या दुसऱ्या बाजूला ओल्या बोटाची रेघ, खवले चिकटलेली. पुसली, पुन्हा आली. सिताबाईनं रडत सांगितलं, तळं बी माप घेतं. रेघंच्या वर ज्यांची डोकी, त्यातलं सगळ्यात उंच माणूस पाणी नेतं, हंगामाला एकच. तिचा थोरला दीर असाच भर दुपारी काठावर जाळं झटकत होता. जाळं तेवढं ऱ्हायलं. रेघ दर साली खाली सरकते. ठेंगणी उरली, त्यांचीच वीण वाढली.

औंदाची रेघ शेवंतीच्या भुवईला.

कार्तिक वद्य पंचमी

पोरीला घेऊन येरमाळ्याला पळाले. माझ्या घराजवळ ना तळं ना ओढा. तिला वाकून चालायला लावते. भाकर बी अर्धीच देते, वाढू नये म्हणून. आजी, भूक लागली म्हणते. म्या शिव्या घालते.

कार्तिक वद्य सप्तमी

माझ्या कोरड्या चौकटीला तीच रेघ. ओली. खवले—

बरं झालं. उंच तर म्याच. नेऊ दे म्हातारीला, पोर सुटंल. रेघंला पाठ लावून ताठ उभी ऱ्हायले—

रेघ माझ्या डोक्याच्या वर. पार वर. कधी आखडले म्या?

अष्टमी

पाणी उंबऱ्याशी. बाहेर लख्ख ऊन, तरी— दार एकच. पोरीला कणगीआड बसवलं, गुडघ्यात मान घालून. म्या जात्यावर चढले. वही भिंतीला धरून लिहिते. सिताबाई, तुला कळावं, म्या सोडली न्हाय तिला—

आता म्या रेघंच्या वर. ए, इकडं बघ, मोठा मासा इकडं हाय—

पाणी जात्याला वळसा घालून गेलं. कणगीकडं—

शेवंते, उठू नको, बस गं खाली, ब—