सरपाटलांचं पागोटं

पनवेल, १२ फेब्रुवारी २०२५

सौ. विनिताताईस,
हितेशचा शि. सा. न. वि. वि.

आज आपट्याला नदीवर बाबांचा दहावा झाला. तुझ्या पायाला प्लास्टर, आणि एरवीही बायका नदीवर येत नाहीत, म्हणून नीट लिहितो.

पाच गावांची सरपाटीलकी बाबांनंतर कुणाची, हे भांडण तुला ठाऊक आहे. इंद्रजीतदादा थोरल्या काकांचा मुलगा, म्हणून ती त्याची, असं तो म्हणतो. पण सरपाटलाच्या मानाची होळी पेटवायला बाबा दर वर्षी मलाच सोबत नेत.

दहा वाजता पिंड ठेवला. साडेबारापर्यंत कावळा शिवेना. आईला सांभाळीन म्हणालो, लग्न करीन म्हणालो, काही नाही. दादा मागून म्हणाला, की काकांचा जीव पागोट्यात अडकलाय. मला राहवलं नाही. हात जोडले, डोळे मिटले आणि मोठ्याने म्हणालो, की सरपाटीलकी दादाला दिली, बाबा, तुम्ही सुटा. डोळे उघडले तर कावळा पिंडावर.

पाच गावांनी ऐकलं. तेराव्याला पागोटं दादाला बांधतील. ताई, बाबांना खरंच हेच हवं होतं का? फोन बंद ठेवलाय, सगळे तेच विचारतात. पत्रच लिही.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझा हितेश

मोरा, १३ फेब्रुवारी

चि. हितेश यास अनेक आशीर्वाद.

अरे वेड्या, थांब. तेराव्याआधी हे पोचू दे. बाबांनी दवाखान्यात शेवटपर्यंत एकच मासळी मागितली, तळलेली मांदेली. डॉक्टरांनी देऊ दिली नाय. म्हणून दहाव्याला मी माझ्या दिराबरोबर, निनादबरोबर, चार मांदेल्या पाठवल्या. त्याला पोचायला उशीर झाला. भटजी ओरडतील म्हणून तू डोळे मिटून बोलत होतास तेव्हा त्याने त्या गुपचूप पिंडाशेजारी ठेवल्या नि सटकला. आज तुझं पत्र ऐकून कबूल झाला. कावळा मांदेलीवर आला रे, तुझ्या शब्दावर नाय.

पागोटं हितेशचंच, असं बाबा मला म्हणाले होते. आणि हसले, की पोराचा कागदावर कानामात्रा चुकत नाय, माणसांत मात्र घाबरतो. घाबरू नकोस. बोल.

जेवत जा, आईलाही जेवायला घाल.
तुझी ताई

पनवेल, १५ फेब्रुवारी

सौ. ताईस सा. न.

पत्र आज संध्याकाळी मिळालं. पागोटं सकाळीच बांधलं. हक्क सोडणाऱ्याने पहिला पीळ द्यायचा असतो, तो मी दिला. म्हणजे बाबा मांदेलीवरच सुटत होते. मी उगाच त्यांना सोडवायला गेलो.

तुझं पत्र घेऊन दादाच्या दारापर्यंत गेलो. नदीवर दिलेला शब्द परत कसा मागायचा? तो पागोटं हातात घेऊन बसला होता. म्हणाला, की काकांचं डोकं मोठं, आतला साचा त्यांच्याच मापाचा, मला सैल होतंय, आत घालायला कागद दे. माझ्या हातात तुझंच पत्र होतं. न वाचताच त्याने घडी करून आत बसवलं.

आता त्याला ते बरोबर बसतंय.

निनादला ओरडू नकोस. मला विसरू नकोस.
हितेश