जोगदंड कधी बोलणार?

६ जानेवारी १९८२, बुधवार. रात्री ९
आजपासून रोजनिशी रोज. (मागच्या वर्षीची ९ जानेवारीला थांबली. थंडी फार होती.)
रंगरावांकडे ‘आवक-जावक’ पाहिलं. रंगराव म्हणजे आमचे घरमालक. आळीत टीव्ही त्यांचाच, त्यामुळे बुधवारी आठला सगळी आळी त्यांच्या ओसरीवर. मालिका एका ऑफिसची. क्लार्क जोगदंड आणि टेलिफोन ऑपरेटर प्रभा. गेले चौदा आठवडे जोगदंड तिला मनातलं सांगणार आहे. आज टेबलापर्यंत गेला आणि टाचणी मागून परत आला. रंगरावांच्या मंडळी कौशल्याबाई पडद्यावर ओरडल्या, "आरं बोल की मुडद्या!" सगळे हसले. मी हसलो नाही. संयम काय असतो हे या लोकांना कळत नाही.
मला कळतं. भोसरीतल्या आमच्या कंपनीत मी टाइमकीपर. समोरच्या टेबलावर टायपिस्ट सुरय्या. तीन वर्षं झाली.
संकल्प: या महिन्यात तिला विचारणे.

८ जानेवारी, शुक्रवार
काल साप्ताहिक सुट्टी, म्हणून बुधवारचा भाग आज सांगितला. सेकंड शिफ्टवाल्यांना मालिका बघता येत नाही. ते साडेतीनला आत जातात, त्याआधी टाइम ऑफिसच्या खिडकीशी जमतात आणि मी अभिनयासकट सांगतो. हिंदुराव फिटर म्हणाला, "टाइमकीपर, तुमी टीव्हीतच जायला पायजे व्हतं." मी हात झटकून विषय बदलला. तसं मलाही वाटतं.
मुख्य श्रोता करीम, लेथवाला, सुरय्याचा थोरला भाऊ. वडील नाहीत, घरात त्याचाच शब्द. त्यांच्याकडे टीव्ही नाही. म्हणजे मी सांगितलेलं करीम घरी सांगणार, ते सुरय्या ऐकणार. माझाच आवाज, फक्त एका वळणाने. जोगदंडला एवढं सुचलेलं नाही.

१३ जानेवारी, बुधवार
सुरय्या आज म्हणाली, "इनायतभाई, मस्टर द्या." भाई ऑफिसात म्हणावंच लागतं. त्यात काही नाही.
दुपारी तो बरकत ग्राइंडरवाला आला. जालन्याकडचा, मुका असल्यासारखा. रजेचा अर्ज सुरय्याकडून टाइप करून घेतला. रजेचा अर्ज टाइप कोण करतं? महिन्याभरातला चौथा अर्ज, आणि रजा एकही घेतलेली नाही. हजेरी माझ्याकडे असते, मला माहीत आहे. काही माणसांना कामाची रीतच कळत नाही. सुरय्या त्याला नावानेसुद्धा हाक मारत नाही. नुसतं, "आणलात अर्ज?"
आजच्या भागात जोगदंडला शिंक आली. बोलायचं राहिलं.

२० जानेवारी, बुधवार
सुरय्याशी बोलायला उठलो. फोन वाजला. उद्या सुट्टी. परवा नक्की.

२२ जानेवारी, शुक्रवार
शर्टाला इस्त्री नव्हती.

२७ जानेवारी, बुधवार. रात्री ९
अनर्थ. आज जोगदंड बोलणार असं मागच्या भागात दाखवलं होतं. पावणेआठला रंगरावांच्या टीव्हीत थोड्या मुंग्या आल्या. चित्र दिसत होतं, पण मला राहवलं नाही. मी टेक्निकल माणूस. पत्र्यावर चढलो आणि अँटेना जरा फिरवला. खालून कौशल्याबाई, "गेलं! आता नुसत्या मुंग्या हायत!" मी वरून, "आता?" त्या खालून, "न्हाई!" पाऊण तास हेच. चित्र आलं तेव्हा शेतीची माहिती चालू होती.
रंगराव म्हणाले, पुढच्या बुधवारी तुमी खालीच बसा. माणसांना उपकाराची जाण नसते.

२८ जानेवारी, गुरुवार
सुट्टी. उद्या तीन वाजता सेकंड शिफ्ट खिडकीशी उभी राहणार, आणि माझ्याकडे भागच नाही. "बघितला नाही" म्हणायचं? पत्र्यावरचं सगळं सांगायचं? ते शक्य नाही.
दुपारभर बसून भाग मीच लिहिला. जोगदंड प्रभाकडे जात नाही, थेट तिच्या थोरल्या भावाकडे जातो. मालिकेत प्रभाला भाऊ नाही. मी दिला. जोगदंड म्हणतो: "मला फिरवून बोलता येत नाही. तुमच्या बहिणीला मागणी घालायला आलोय. नोकरी पक्की आहे, व्यसन नाही. तिच्या मनात नसेल तर आत्ताच सांगा. उद्या रस्त्यात भेटलात तरी मी सलाम करीन."
वाचून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. करीम समजदार आहे. नोकरी पक्की, व्यसन नाही, असा दुसरा कोण आहे हे त्याच्या लगेच लक्षात येईल.

२९ जानेवारी, शुक्रवार
काय सांगितलं आज! करीमने मशीन पुसायच्या वेस्टच्या बोळ्याने डोळे पुसले आणि गालाला ऑइल लागलं. हिंदुरावने शिट्टी मारली. म्हणाला, चला, झाला एकदाचा साखरपुडा! बरकत मागे उभा असतो, तो आज पुढे आला. ते बोलणं मला दोनदा परत म्हणायला लावलं. पुटपुटत गेला. सावकाश समजणारा माणूस आहे, मी चिडलो नाही.
आता दोन-चार दिवस करीमला विचार करू द्यावा. मग मी जाईन.

३१ जानेवारी, रविवार
फेब्रुवारीचा शिफ्ट चार्ट लिहिला. सुंदर अक्षरात. बोर्डावर लावला. करीमकडे आज जाणार होतो, पण चार्ट महत्त्वाचा.

३ फेब्रुवारी, बुधवार. रात्री ९
एक तारखेपासून शिफ्ट बदलली. माझ्याच चार्टप्रमाणे. सेकंडवाले सगळे फर्स्टला आले, म्हणजे संध्याकाळी मोकळे. हे माझ्या लक्षात आलं, ते हिंदुराव आणि सात-आठ जण रंगरावांच्या ओसरीवर माझ्या शेजारी येऊन बसले तेव्हा.
पडद्यावर जोगदंड पेन्सिलीला टोक करत होता. प्रभा म्हणाली, तुम्ही मागच्या बुधवारी काहीतरी सांगणार होतात. जोगदंड म्हणाला, विसरलो. हिंदुराव माझ्याकडे वळला, "अवो, ह्याचा तर साखरपुडा झालता ना?" मी म्हणालो, हे मागचं दाखवतायत. कौशल्याबाई म्हणाल्या, मागचं न्हाई न् पुढचं न्हाई, ह्यो सोद्या काय बोलत न्हाई.
करीम आला नव्हता. आशा आहे.

५ फेब्रुवारी, शुक्रवार
गेटवर पंधरा माणसं. हिंदुरावने विचारलं, प्रभाचा भाऊ कुठून आणलात, कोणत्या शिफ्टला आहे तो? मी मस्टरमध्ये डोकं घातलं.
मग करीम आला. मला बाजूला घेऊन दोन्ही हातांनी माझा हात धरला. म्हणाला, "इनायतभाई, गोष्ट खरी का खोटी, मला काही घेणं नाही. तुमच्यामुळं माझ्या बहिणीचं भलं झालं." मी कॉलर नीट केली. मी म्हणालो, मी तर अजून काही बोललोच नाही. तो म्हणाला, "तुम्ही नाही, हो. बरकत बोलला. रविवारी सकाळी घरी आला, अम्मीसमोर उभा राहिला आणि घडाघडा बोलला. नोकरी पक्की, व्यसन नाही, सलाम करीन. सगळं. वर स्वतःच कबूल केलं, हे शब्द इनायतभाईंच्या गोष्टीतले, पण मन माझं आहे. सुरय्याला विचारलं, तर ती आधीच हो म्हणून बसलेली."
मी मुबारक म्हणालो.

६ फेब्रुवारी, शनिवार
वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय. शब्द माझे होते. मी ते चार दिवस खिशात घेऊन फिरलो, आणि तो एका रविवारी जाऊन बोलून आला.

८ फेब्रुवारी, सोमवार
सुरय्याने पेढा दिला. म्हणाली, "आमच्या शेजारी गौहरखालाकडे टीव्ही आहे. मी एकही बुधवार चुकवला नाही. भाईजान तुमचा भाग सांगायला लागले, तेव्हाच कळलं की हा टीव्हीवरचा नाही. पण खऱ्यापेक्षा चांगला होता, इनायतभाई. एवढं सुंदर बोलणं सुचलं कसं तुम्हाला?"
तीन वर्षांत तिने मला विचारलेला सगळ्यात मोठा प्रश्न. मी म्हणालो, सुट्टी होती.
मग तिने एक कागद पुढे केला. बरकतचा रजेचा अर्ज, टाइप केलेला, एकही चूक नाही. कारण: साखरपुडा. पाचवा अर्ज, पण या वेळी रजा खरोखरच हवी आहे. मस्टरवर त्याच्या नावापुढे दोन दिवस लावले.

१० फेब्रुवारी, बुधवार
रंगरावांकडे गेलो. खालीच बसलो. जोगदंड टेबलापर्यंत गेला, उभा राहिला, खोकला. कौशल्याबाई ओरडल्या, "आरं बोल की मुडद्या!"
"आता काय उपयोग?" मी म्हणालो. जरा मोठ्यानेच म्हणालो असेन. जोगदंडला सोडून सगळी ओसरी माझ्याकडे बघायला लागली.