मी काय मानते

रवि. १ मार्च १९८७
इथल्या युनिटेरियन चर्चच्या मंडळींकडे गेले. दीड वर्ष जाते आहे, सभासद अजून नाही. तिथे कोण काय मानतं ते कोणी विचारत नाही, म्हणून जाते. आज त्यांच्या धर्मगुरू बाईंनी, मिनिस्टर कॅरलने, नेमकं तेच विचारलं. महिन्यातून एकदा कोणीतरी उभं राहून ‘मी काय मानते’ यावर दहा मिनिटं बोलतं. बावीस तारखेला मी. हो म्हणून बसले. नाही म्हणायचाही कंटाळा.

बुध. ४
त्यांचं पत्रक आलं. ‘हिंदू श्रद्धा : विमल’. मी असं म्हटलं नव्हतं. साडी नेसते, त्यावरून ठरवलं असणार. यांना स्वतःला ठरीव धर्ममत नको, माझं मात्र परस्पर छापून मोकळे.

शुक्र. ६
मैत्रिणीने, सुधाने, ते पत्रक लायब्ररीत पाहिलं. खूष.
“तू त्या चर्चमध्ये जाऊन बाटलीस म्हणत होत्या ना सगळ्याजणी? आता ऐकू देत कानांनी.”
दोन गाड्या भरून आपली माणसं आणणार. शिरा करणार.
हे हॉस्पिटलात होते तेव्हा सुधाने सोळा सोमवार धरले. बाराव्या सोमवारी हे गेले. तरी तिने उरलेले चार केले, उद्यापनही केलं. मी हे गेल्यापासून देवापुढे हात जोडलेले नाहीत. हे तिला कोणत्या तोंडाने सांगू.

बुध. ११
भाषण दोनदा लिहिलं. गीता, निष्काम कर्म वगैरे. इंग्रजी सुरेख, माझं एकही वाक्य नाही. फाडलं.
नीलाला शिकागोला फोन केला. “आई, नोबडी इज ग्रेडिंग यू.” मी बावीस वर्षं पोरांचे पेपर तपासले. मीच देते आहे मला मार्क.

सोम. १६
कॅरलला सांगून टाकलं, श्रद्धा उरलेली नाही.
“देन से दॅट. हाफ द रूम विल नॉड.”
इतकं सहज. रागच आला. निदान जरा दचकायचं तरी. दोन वर्षं छातीवर वागवलं ते यांच्याकडे रोजचंच.

रवि. २२
बोलले. सहा मिनिटांत आटोपलं. यजमान गेल्यापासून घरात दिवा लावलेला नाही, लावावासा वाटत नाही, आणि वाटत नाही याचं वाईट वाटतं. एवढंच. अर्ध्या खोलीने खरंच माना हलवल्या. आपली माणसं शिऱ्याच्या डब्याकडे बघत बसली.
परतताना सुधाच्या गाडीत दोघीच.
“दोन वर्षं माझ्याकडून प्रसाद घेत होतीस.”
“हो.”
“खात होतीस की टाकत होतीस?”
“खात होते.”
“का?”
तिने दारात सोडलं. गाडीतून उतरली नाही.

बुध. २५
तीन दिवस सुधाचा फोन नाही. एरवी रोज दहाला असतो. या गावात मराठीत भांडायला दुसरं कोण आहे मला.
कॅरलचा आला. सभासदांच्या वहीत सही करणार का? बघू म्हटलं.
सुधाकडे जाऊन यावं. पण म्हणायचं काय? खोटं बोलले असते तर माफी मागता आली असती. खरं बोलल्याची कशी मागतात, ठाऊक नाही.
पायात बूट घातलेत. कोटही. पाऊण तास झाला, टेबलाशी बसून हे लिहीत—